जिंतूरकर बोअर

उस्मानपुरा, औरंगाबाद
९ जानेवारी १९९४

कारभारी,

आधी 'चि.' लिहिलं आणि खोडलं. मग 'प्रिय' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी नुसतं नाव ठेवलं. चालवून घे.

मी जिंतूरकर सर. रिटायर होऊन तीन वर्षं झाली. तू किनवटच्या शाळेत विज्ञान शिकवतोस असं कळलं, म्हणून पत्ता मिळवला. तू एम.एस्सी. अर्धवट टाकून गेलास त्याला साडेसात वर्षं होतील. एवढ्या काळात मी एक कार्डही टाकलं नाही. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो, पण रिटायर माणसाला वेळ मिळत नाही हे किनवटलासुद्धा कुणी खरं मानणार नाही.

कामाचं लिहितो. काल काकासाहेब घरी आले होते. डिस्टिलरीचे मॅनेजर होते तेच. आता ते दुसऱ्या कंपनीत मोठे साहेब आहेत. तुमच्या वाडीच्या खालच्या अंगाला त्यांचा रंगाचा कारखाना येतोय. त्याचं घाण पाणी ओढ्यात सोडू देत नाहीत, म्हणून बोअर घेऊन जमिनीच्या पोटात सोडायचं ठरलंय. वाडीनं हरकत घेतली आहे. ३१ तारखेला गंगापूरला तहसीलमध्ये सुनावणी आहे. आणि कंपनीनं अर्जाला कागद कुठला जोडलाय, तर माझा अहवाल, १९८६चा. 'वरचा काळा पाषाण अभंग असून त्याखाली सोडलेला कोणताही वायू अथवा द्रव वर येण्याची शक्यता नाही.' खाली माझी वळणदार सही. काकासाहेब म्हणाले, "सर, फक्त यायचं, दोन शब्द बोलायचे आणि चहा घेऊन परत."

तुला सगळं पाठ आहे, तरी एकदा सरळ लिहून बघतो. डिस्टिलरीत मळी आंबवताना कार्बन डायऑक्साइड निघायचा. हिवाळ्यात तो फुकट हवेत जायचा आणि उन्हाळ्यात सोडावॉटरवाले त्याच वायूसाठी दारात उभे राहायचे. हिवाळ्यातला वायू जमिनीत साठवून उन्हाळ्यात काढता येईल का, असं काकासाहेबांनी विचारलं. मी म्हटलं, का नाही. तीनशे फूट बोअर घेतला. वर काळ्या पाषाणाचं जाड झाकण, खाली भोकाभोकांचा, पाण्यानं भरलेला खडक. वायू दाबानं आत घालायचा, तो पाण्याला बाजूला सारून भोकांत बसणार, आणि झाकण त्याला वर येऊ देणार नाही. मी नकाशावर कंपासनं दोनशे फुटांचं वर्तुळ काढलं आणि सांगितलं, वायू या वर्तुळाच्या बाहेर जाणार नाही. कंपनीची माणसं त्या जागेला 'जिंतूरकर बोअर' म्हणायला लागली. मला ते आवडायचं. आवडत नसल्यासारखं दाखवायचो, पण आवडायचं.

तुझे आबा त्या नकाशापाशी उभे राहिले होते, आठवतं? तूच त्यांना घेऊन आला होतास. म्हणाले, "मास्तर, वाड्यातली मेंढरं अशी गोल न्हाय निगत. येक फट घावली की समदी तिकडूनच." आपण सगळे हसलो. तू हसला नाहीस.

मे महिन्यात तुझे आबा, मुंजाबा, विहिरीचा गाळ काढायला उतरले आणि वर आले नाहीत. पंचनाम्यात आलं की गाळ कुजून झालेल्या वायूनं मृत्यू, आणि मयतानं रिवाजाप्रमाणं आधी कंदील सोडून विहिरीतली हवा न तपासता बॅटरीच्या उजेडावर विसंबून उतरण्याचा निष्काळजीपणा केला. त्यालाही माझाच अहवाल जोडला होता.

मला एवढंच विचारायचंय, तू सुनावणीला येशील का? तू त्या वाडीचा आहेस, शिकलेला आहेस. तू बोललास तर मला बोलावं लागणार नाही.

श्रीनिवास जिंतूरकर

*

उस्मानपुरा, औरंगाबाद
१६ जानेवारी १९९४

कारभारी,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. मागच्या पत्राचं शेवटचं वाक्य मी पेटीत टाकल्यावर पुन्हा मनात वाचलं आणि क्रांती चौकापर्यंत चालत जाऊनही त्याची लाज गेली नाही. स्वतः बोलायचं नाही म्हणून ज्याचा बाप गेला त्यालाच पुढं करायचं. हे मला सुचलं तरी कसं, हे उमानं विचारलं. बायको पस्तीस वर्षं माझ्याबरोबर आहे, तरी तिला आश्चर्य वाटतं, हे त्यातल्या त्यात बरं.

परवा संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. चौकात निळे झेंडे, ढोल, पोलीस, सगळंच होतं. म्हातारी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. सोळा वर्षं ज्यांनी घरं जळताना पाहिली, मार खाल्ला, त्यांना रडण्याचा हक्क होता. मी फुटपाथच्या कडेला तिळगुळाची पुडी घेऊन उभा होतो, ती कुणाला देण्याचा धीर झाला नाही.

मला तुझा तो कागद आठवत होता. ८५ साली तू नामांतराच्या मागणीचा कागद सह्यांसाठी घेऊन विभागात आला होतास. मी म्हटलं, "मी दगडांचा माणूस, नावानं काय फरक पडतो रे?" तू कागद घडी करून खिशात ठेवलास आणि म्हणालास, "सर, ज्यांचं नाव कुठंच लागलेलं नाही त्यांना विचारा." मी बाजूनंही सही केली नाही, विरोधातही नाही. सह्या न करणारा शहाणा माणूस म्हणून मिरवलो. आयुष्यात मन लावून एकच सही केली, ती त्या अहवालावर.

आता अहवालात जे नाही ते लिहितो.

मार्च अखेर आपण वायू भरणं थांबवलं आणि झडप बंद केली. खडक बंद असेल तर गेजवरचा दाब तिथंच राहायला हवा होता. आठ दिवसांत तो नऊवरून सहावर आला. वायू कुठंतरी चालला होता. मी काकासाहेबांना सांगितलं, गेज खराब आहे. नवं गेज बसवलं, तेही उतरायला लागलं. ते आकडे माझ्या वहीत आहेत, अहवालात नाहीत.

काय झालं असणार हे मला तेव्हाही कळत होतं. वायूनं पाण्याला सगळीकडून सारखं मागं सारलंच नाही. पाण्यापेक्षा पातळ आणि हलका, तो जिथं वाट सोपी तिथं बोटं घालत गेला. झाकणाच्या पोटाला चिकटून चढाच्या दिशेनं सरकत राहिला. चढ तुमच्या वाडीकडं आहे. वाटेत पाषाणाला चीर लागली आणि ती चीर तुमच्या विहिरीत उघडत होती. बोअरपासून अर्धा मैल. माझ्या वर्तुळात अशी विहीर नव्हती. आणि खडकात पाण्याखाली हलका असलेला हा वायू एकदा हवेत आला की जड होतो, वर जात नाही, तळाशी बसतो. हे मी दरवर्षी पहिल्या महिन्यात फळ्यावर लिहायचो.

एप्रिलमध्ये मुंजाबा बोअरवर आले होते. म्हणाले, "इहिरीतलं पारवे गेलं, मास्तर. पिल्लं टाकून गेलं." मी म्हटलं, उन्हाळा आहे. ते म्हणाले, "उनाळा दरसाल असतो."

त्याच आठवड्यात मी तुमच्या घरी गेलो होतो, हे तुला माहीत नाही. तू तेव्हा इथं होस्टेलवर होतास. तुझ्या आईनं, सखूबाईंनी, तांब्याभर पाणी दिलं. म्हणाल्या, "पाणी जिभंला चावतंय हल्ली." मी प्यालो. चावत होतं, कारभारी. सोड्यासारखं. मी तांब्या खाली ठेवला आणि पाणी छान आहे म्हणालो.

एवढं लिहून हात थांबलाय. अजून आहे, पण आज होत नाही.

श्रीनिवास जिंतूरकर

*

उस्मानपुरा, औरंगाबाद
२७ जानेवारी १९९४

कारभारी,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळींचं. 'सर, वायू कुठून आला हे मला तेव्हाच कळलं होतं. पण बॅटरी मी दिली होती. ती नसती तर आबांनी कंदील सोडला असता. यापुढं लिहू नका.'

कार्ड दोन दिवस खिशात घेऊन फिरतोय. तू असं मानतोस हे मला ठाऊक होतं. अंत्यविधीच्या दिवशी तू मला हेच म्हणाला होतास. क्रांती चौकातल्या दुकानातून दिवाळीला तू आबांसाठी तीन सेलांची बॅटरी नेलीस, आणि त्या बॅटरीपायी सगळ्या पंचक्रोशीला कंदील सोडायला शिकवणारा माणूस स्वतः विसरला. "म्या मारलं त्यास्नी," असं म्हणालास. तू इतकी वर्षं शहरात माझ्यासारखं बोलायचास, पण त्या दिवशी वाडीचं बोललास. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवण्याऐवजी तोंड उघडायला हवं होतं.

तू लिहू नका म्हणतोस, तरी हे एक पत्र लिहितो. मग तू सांगशील तसं.

१९ मे, सकाळी नऊचा सुमार. मी बोअरवर होतो. त्या दिवशी मुंबईची दोन बडी माणसं साठवलेला वायू परत निघतो का हे बघायला आली होती. जिंतूरकर बोअर बघायला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तुझे आबा बांधावरून चालत आले. हातात कंदील होता.

बाजूला बोलावून म्हणाले, "मास्तर, गाळ काढायचा व्हता. कंदील सोडला, दोनदा. दोनी येळा इझला. निम्म्यात बी जाईना."

मी म्हटलं, "वारा असेल."

"इहिरीत वारा कुटला?"

"मग रॉकेलमध्ये पाणी असेल."

ते माझ्याकडं बघत राहिले. पाहुणे आमच्याकडं बघत होते. काकासाहेबांनी घड्याळ पाहिलं. विहिरीत वायू आहे असं त्या क्षणी मी तोंडातून काढलं असतं, तर बोअर तिथंच संपला असता आणि माझं नावही. मी म्हटलं, "मुंजाबा, पोरानं बॅटरी आणलीये ना? ती दोरीला बांधून सोडा. कंदिलापेक्षा चांगला तळ दिसेल."

"दिसंल की. पर दिसणं येगळं आन् उतरणं येगळं."

"खडकाचा मास्तर मी आहे की तुम्ही?"

ते हसले. "तुमीच," म्हणाले, आणि गेले. त्या हसण्यात राग नव्हता. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, कारण तू माझा विद्यार्थी होतास. एवढं एकच कारण होतं.

मी काय विचार केला तेही लिहितो, नाहीतर हे पत्र अर्धंच राहील. मला वाटलं, थोडासा असेल, उतरता उतरता गुदमरायला लागलं तर येतील वर. म्हणजे मला वाटलं होतं, कारभारी. काहीच सुचलं नाही असं नव्हतं.

साडेदहाला ओरडा ऐकून धावलो. वरून वाकून पाहिलं. तळाशी बॅटरी लख्ख जळत होती आणि तिच्या उजेडात तुझे आबा पडलेले दिसत होते. बॅटरीला हवा लागत नाही. कंदिलाला लागते, माणसाला लागते. तुझे बिरूकाका कमरेला दोर बांधून उतरायला निघाले होते आणि सखूबाईंनी तो दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. त्यांनी कुणालाच उतरू दिलं नाही. शेवटी गळ टाकून काढावं लागलं. आईनं बिरूकाकांना उतरू दिलं असतं तर आबा वाचले असते, असं वाडीत लोक म्हणत राहिले, आणि तूही त्यामुळं घरी जात नाहीस असं ऐकतो. ते खरं असेल तर त्यातही माझा वाटा आहे.

पंचनाम्याच्या वेळी फौजदारानं मला विचारलं, "सर, यांनी कंदील सोडला नव्हता का?" सखूबाई मागून ओरडून सांगत होत्या की सोडला होता, सोडला होता. मी म्हटलं, "मी पाहिलं नाही." खरंच पाहिलं नव्हतं. फक्त ऐकलं होतं. असल्या शब्दांवर माझ्यासारख्या माणसांच्या नोकऱ्या चालतात.

तर हे असं आहे. तुझ्या आबांनी कंदील सोडला होता. तुझ्या बॅटरीनं त्यांना मारलं नाही. मी मारलं. आई तुला हे सांगत आली असेल आणि तुला वाटलं असेल की ती तुझी समजूत काढतेय. ती खरं सांगत होती.

३१ तारखेला मी गंगापूरला जातो आहे. तू येऊ नकोस. मला एकट्यानं बोलायचंय.

श्रीनिवास

*

उस्मानपुरा, औरंगाबाद
१ फेब्रुवारी १९९४

कारभारी,

काल गेलो. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गंगापूरला पोचलो, तेव्हा काकासाहेब तहसीलच्या पायरीवर उभे होते. त्यांनी माझी पिशवी हातात घेतली. पिशवीत वही होती. म्हणून मी ती परत घेतली.

वाडीची पंचवीस-तीस माणसं आली होती. बिरू होते. सखूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. तहसीलदारांनी नाव विचारलं, मी सांगितलं. अहवाल तुमचाच का, म्हणाले. मी म्हटलं, माझाच, आणि खोटा. मग वहीतले आकडे वाचले. नऊ, साडेआठ, सात, सहा. पारव्यांचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. आवाज नीट लागत होता, वर्गात लागायचा तसा. कंदिलापाशी आल्यावर बसला. कारकुनानं मान वर करून विचारलं, "पुढं काय लिहू?" मी म्हटलं, "लिहा, मुंजाबांनी कंदील दोनदा सोडला होता. दोन्ही वेळा विझला. मला येऊन सांगितलं. मी त्यांना बॅटरी घेऊन पाठवलं."

काकासाहेब तहसीलदारांना हळूच म्हणाले की सरांचं वय झालंय. मी म्हटलं, वय तेव्हाही झालं होतं, पन्नाशी उलटली होती. अहवाल मागं घेतो असं लिहून दिलं आणि खाली सही केली. कंपनीचा अर्ज सध्या थांबलाय. पंचनाम्यातली ती निष्काळजीपणाची ओळ पोलिसांच्या दप्तरात आहे, तिच्यासाठी वेगळा अर्ज केला आहे. माझ्यावर काय कारवाई होते ते बघू. उमाला निघायच्या आदल्या दिवशीच सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. जेवायला मात्र वाढते.

बाहेर आलो. बिरू माझ्या अंगावर आले. मी उभा राहिलो. त्यांनी हात उचलला, मग तोच हात तोंडावर घेऊन खालीच बसले. सखूबाई उठून माझ्यापर्यंत आल्या. तुझी आई आता बरीच वाकली आहे, हे तुला कुणी कळवलं आहे का?

म्हणाल्या, "कंदील किती येळा इझला म्हनालात?"

"दोनदा."

"तीनदा," त्या म्हणाल्या. "त्ये पडल्यावर तिसऱ्यांदा म्या सोडला. खाली बॅटरी जळत व्हती आन् कंदील इझला. मंग बिरूचा दोर म्या सोडला न्हाय. यक गेला व्हता, दुसरा कशाला घालू?"

बिरू खाली मान घालून ऐकत होते. त्यांनाही हे असं पहिल्यांदाच कळत होतं, किंवा पहिल्यांदाच खरं वाटत होतं. साडेसात वर्षं त्या बाईनं हे सगळ्यांना सांगितलं आणि एकानंही धरलं नाही, कारण एका शिकलेल्या माणसानं मी पाहिलं नाही असं म्हटलं होतं.

मी वाकायला गेलो तर त्या मागं सरकल्या. "पाया नगा पडू," म्हणाल्या. "मला त्येचा काय उपेग न्हाय." मी माफी मागितली. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझ्या तोंडाला कोरड पडली होती, बाजूला माठ होता, वाडीची माणसं पीत होती. मला कुणी दिलं नाही, आणि मी मागितलं नाही.

जीप सुटायच्या वेळी त्या पुन्हा खिडकीशी आल्या. "पोराला पत्तर लिवता ना तुमी?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. त्यांनी जे सांगितलं ते मी जिपेत बसूनच वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं, एक शब्द इकडं तिकडं होऊ नये म्हणून. ते तसंच लिहितो, आणि त्याखाली माझी सही करत नाही:

"त्याला म्हनावं, बॅटरी म्या टाकली न्हाय. पेटीत ठिवलीय, पुसून. शेल संपल्यात. येताना तीन शेल घिऊन ये."